बंब, मगन चूल आणि धुराडे

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे मंडळात ठरले तेव्हा मी आधी कानांवर हात ठेवले. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतचे. रांगोळी, लोणची, भजन यांवर लिहिणाऱ्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत, आणि त्या माझ्याहून चांगले लिहितात. पण अध्यक्षबाईंनी पिच्छा सोडला नाही. "तुम्ही मागे बंबाबद्दल जे बोललात तेच लिहून द्या," असे त्या म्हणाल्या. म्हणून हा लेख. इतिहास म्हणजे राजांच्या लढाया असे आपण शाळेत शिकलो. न्हाणीतल्या पाण्यालाही इतिहास असतो हे मलाही अलीकडेच कळले.

त्याचे असे झाले. माझ्या नणंदेची मुलगी लग्नानंतर जर्मनीत राहते. तिकडे एका खेड्यात त्यांनी जुने घर घेतले. गेल्या कार्तिकात तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "मामी, आजीला जवळ बसव, एक गंमत दाखवते." मग फोनच्या पडद्यावर तिने आम्हांला जिन्याने खाली नेले. घराखाली तळघर, तळघरात लाकडाची नीट रचलेली रास, आणि भिंतीशी कपाटाएवढे एक नवे यंत्र. त्याच्या पोटात लाकूड जळते, पाणी तापते, आणि ते पाणी नळ्यांतून घरभर फिरून खोल्या उबदार ठेवते. स्नानाचे पाणीही त्यातूनच. शेजारी एक प्रचंड टाकी होती. सकाळी एकदा पेटवले की ऊन पाणी त्या टाकीत साठून राहते, म्हणजे रात्री उठून लाकूड घालायला नको.

सासूबाई बराच वेळ टक लावून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अवं, हा त आपला बंबच व्हय! तयघरात ठेवला म्हून काय झालं?"

पोरगी हसली, मीही हसले. पण सासूबाईंचे काही चुकले नव्हते.

आमच्याकडे आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब होता. नव्या मुलींनी तो पाहिला नसेल म्हणून सांगते. बाहेरून तो पिंपासारखा गोल असतो. मधोमध उभी नळी असते, तिच्यात वरून लाकडाच्या ढलप्या टाकायच्या. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळीच्या भोवती पाणी. एका बाजूला नरसाळे असते, त्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि वरचे ऊन पाणी तोटीतून बाहेर येते. गार पाणी जड, ऊन पाणी हलके, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार. चुलीवर हंडा ठेवला तर जाळ हंड्याला बाहेरून चाटतो आणि निम्म्याहून अधिक ऊब वाऱ्यावर जाते. बंबात जाळ पाण्याच्या पोटात असतो, म्हणून थोड्या लाकडात काम होते.

बंब हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला. त्यांच्याकडे 'बोंबा' म्हणजे पाणी उपसण्याचा पंप. म्हणूनच आग विझवायला येणारी गाडीही बंब आणि आग पोटात घेऊन पाणी तापवणारे भांडेही बंब. रशियात चहासाठी 'सामोवार' नावाचे भांडे असते, त्याचीही रचना अशीच. मध्ये विस्तवाची नळी आणि भोवती पाणी. तूला नावाच्या गावात अठराव्या शतकापासून ते घडवले जात. काश्मिरातही कहवा आणि नून चाय सामोवारातच करतात. पुण्याच्या कसब्यातले तांबट घणाचे ठोके देऊन बंब घडवीत. आपल्याकडच्या भांड्यांचे नाव निघाले की भंडारा आठवतो, पण भंडाऱ्याची ख्याती पितळेची.

तरी बंब ही बऱ्या घरची वस्तू. शेतकऱ्याच्या घरी बंब कुठला! माझ्या माहेरी, आर्वी तालुक्यात, अंगणात तीन दगडांवर हंडा असे. जळणाला पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून आणायच्या आणि घराच्या मागे रचायच्या. पावसाळ्यापर्यंत ती रास पुरवायची. पऱ्हाटी भराभर जळते, म्हणून पाणी तापेपर्यंत कोणीतरी चुलीसमोर बसून काड्या सारीत राहावे लागते. हे 'कोणीतरी' म्हणजे कोण, ते भगिनींना सांगायला नको.

या पाण्यापायी किती लाकूड जाते याचा मी कधी हिशेब केला नव्हता. माझा मुलगा यंदा दहावीला आहे, त्याला मांडायला लावला. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक उष्मांक लागतो. वीस लिटरची बादली थंडीत पंचवीस अंशांनी तापवायची तर पाचशे उष्मांक झाले. घरात माणसे पाच, म्हणजे अडीच हजार. एक किलो वाळल्या लाकडात सुमारे चार हजार उष्मांक असतात. म्हणजे सगळी ऊब पाण्याला मिळाली तर पाऊण किलोहून कमी लाकडात पाच जणांची स्नाने व्हावीत. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर भांड्याला पोचते ती दहावा हिस्सा, फार तर थोडी अधिक. तेव्हा रोजचे पाच-सहा किलो लाकूड गेले. थंडीचे चार महिने धरले तर सहा-सात क्विंटल! कापूस किती क्विंटल झाला हे घरातल्या पुरुषांना तोंडपाठ असते. हे क्विंटल मात्र कोणी मोजले नाहीत, कारण ते बाईच्या डोक्यावरून आले.

नाही म्हणायला मोजण्याचा विचार एका ठिकाणी झाला, आणि ते ठिकाण आपल्याच वर्ध्यात आहे.

१९३४ साली गांधीजी वर्ध्याला राहायला आले. जमनालालजी बजाज यांनी आपली बाग आणि तिथले घर ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिले. गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी १९२८ साली पाटण्यास वारले होते. साबरमती आश्रमाचा सारा भार त्यांनी वाहिला होता. त्यांच्या नावावरून या जागेला मगनवाडी हे नाव पडले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आले. कुमारप्पा मोठे शिकलेले, विलायतेत हिशेबतपासणीचे शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. तिकडून येऊन ते तेलघाणी, हातकुटीचा तांदूळ, गूळ, मधमाश्या, हातकागद यांच्या हिशेबात रमले. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्याआधी ते मगनवाडीतच होते. तिथे सोयाबीन खाऊन पाहण्याचे प्रयोगही त्यांनी केले. आज आपल्या शिवारात जिकडे तिकडे सोयाबीन दिसते, तेव्हा मला त्याची गंमत वाटते. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय त्यांच्याच हस्ते उघडले. आपल्या मंडळाची सहल तिथे गेली होती, ते पुष्कळजणींना आठवत असेल. त्या दिवशी आपण खादीच्या साड्या पाहण्यात इतक्या गुंतलो की बाकीचे पाहायचे राहून गेले. मी नंतर पुन्हा एकदा जाऊन आले.

या मगनवाडीत गोड्या तेलावर चालणारा मगन दीप झाला आणि मगन चूलही झाली. मगन चुलीचे नाव १९४७ च्या सुमारास पुढे आले. चूल मातीचीच, घरच्या घरी बांधता येईल अशी. पण वरून उघडी नाही. एका तोंडाने लाकूड सारायचे, जाळ आतल्या बोगद्यातून पुढे जातो, वाटेत एकापुढे एक भांडी ठेवायची भोके, आणि शेवटी धूर धुराड्यातून छपराबाहेर. पहिल्या भोकावर भाकरी किंवा भाजी, पुढच्यावर वरण-भात. धुराड्याजवळचे शेवटचे भोक आचेपासून सर्वांत लांब. तिथे काही शिजणे अवघड, पण पाण्याचे भांडे ठेवले तर स्वयंपाक होईतो ते आपोआप कोमट होते. फुकट जाणारी ऊब पाण्याला मिळाली. जर्मनीतल्या तळघरातल्या यंत्राचे तत्त्व याहून निराळे नाही. आगीला हवा बेताची, धूर नळीने बाहेर, आणि जाता जाता त्याच्याकडून जेवढी ऊब काढून घेता येईल तेवढी घ्यायची.

त्याच सुमारास हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनीही बिनधुराच्या चुलीवर काम केले. १९५३ साली त्यावर त्यांची पुस्तिका निघाली. १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाल्यावर ग्रामसेविका गावोगाव अशा चुली बांधायला शिकवू लागल्या. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम घेतला. २००२ पर्यंत तो चालला आणि त्यात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या असे म्हणतात. साडेतीन कोटी! त्यांतल्या किती आज तुम्हांला दिसतात?

आता माझ्या आईच्या चुलीबद्दल सांगते.

मी चौथीत असताना कोणा संस्थेच्या वतीने एक मिस्त्री गावात आला आणि त्याने आमच्या स्वयंपाकघरात बिनधुराची चूल बांधली. दोन भोकांची चूल, सिमेंटची नळी कवेलूंतून वर काढलेली आणि तिच्यावर पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी. पहिल्या दिवशी शेजारच्या बाया पाहायला आल्या. आईने पुरणपोळी केली होती. घरात धूर नाही म्हणजे काय असते हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी आईने पुसून काढल्या आणि त्या तशाच स्वच्छ राहिल्या. दुसऱ्या भोकावर कायम पाण्याचा गंज असे. आम्हा भावंडांना शाळेत जाण्यापूर्वी ऊन पाणी मिळू लागले.

हे सुख दीड वर्षभर टिकले असेल. मग हळूहळू चूल मागे धूर टाकू लागली. आईने फुंकणी फुंकली, काड्या वाळवून घातल्या, चूल सारवून घेतली. तिला वाटे, लाकूडच ओले. खरे कारण नळीत होते. ओलसर काड्यांचा धूर गार नळीत थिजतो, आत काजळी आणि डांबर धरते, आणि नळी हळूहळू आवळत जाते. ती महिन्या-दोन महिन्यांनी आतून खरवडायची असते हे आईला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी लुगडे नेसून कवेलूंवर कोण चढणार? बाबा म्हणत, पेरणी झाली की पाहू. पेरणी झाल्यावर पाऊस, पावसानंतर वेचणी. शेवटी एका सकाळी आईने विळ्याच्या पाठीने ते भोक फोडले, चूल उघडी केली, आणि पुन्हा तीन दगड मांडले. नळी पुढे बरीच वर्षे छपरात तशीच होती. तिच्यात चिमण्यांनी घरटे केले.

आईचा खोकला तेव्हापासून वाढत गेला. चुलीसमोर बसले की तिला धाप लागे. मी घरातली थोरली. सातवीची परीक्षा झाली आणि चुलीसमोर आईच्या जागी मी बसले. कोणी बळजबरी केली नव्हती, तेव्हा ते सहजच वाटले. पुढे शहरातल्या डॉक्टरांनी आईची छाती तपासून विचारले, "बाई, विडी ओढता का?" आई इतकी लाजली की घरी येईपर्यंत बोलली नाही. चुलीच्या धुराने छातीचा असा रोग होतो हे आता जगभरच्या डॉक्टरांना मान्य आहे. २०२० या एका वर्षात घरातल्या धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मी त्या मिस्त्र्याला दोष देत नाही. चूल त्याने चांगली बांधली होती. पण चूल बांधणारा बांधून निघून जातो, धुराड्याशी गाठ असते ती घरातलीची. मगनवाडीपासून पुढच्या सगळ्या चुलींचे घोडे इथेच अडले असे मला वाटते. भोके किती असावीत, बोगदा किती उंच असावा, यावर शहाण्यांनी खूप डोके चालवले. काजळी कोणी काढायची, हा प्रश्न कागदावर आलाच नाही. ते बाई करीलच असे धरून चालले.

थंड देशांत हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी धुराडी साफ करायला लहान पोरांना आत चढवीत. पोरे गुदमरत, अडकून मरत. आठ वर्षांखालच्या पोरांना या कामाला ठेवू नये असा कायदा १७८८ साली झाला, १८४० मध्ये दुसरा झाला, तरी ही रीत मोडली ती १८७५ च्या कायद्याने. म्हणजे पोरे वाचवायला सत्त्याऐंशी वर्षे लागली. जर्मनीत मात्र धुराडे साफ करणे हा मानाचा धंदा आहे. काळा पोशाख घातलेला तो माणूस दिसला की शुभशकुन मानतात असे भाची सांगते. तळघरात यंत्र बसवून झाले तरी त्या भागाच्या धुराडेवाल्याने येऊन तपासून मान्यता दिल्यावाचून तिला ते पेटवता आले नाही. पुढेही ठरलेल्या मुदतीत नळी साफ करवून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. हे ऐकले तेव्हा मला त्या कपाटाएवढ्या यंत्रापेक्षा या माणसाचे नवल अधिक वाटले.

असो. मग गॅस आला. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या औरंगाबादेत, आता ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तिथे, तिची आठ कोटींची संख्या पूर्ण झाली. माझ्या वहिनीलाही त्यात शेगडी मिळाली. आई हयात असती तर तिने त्या शेगडीची ओवाळणी केली असती. पण सकाळी फिरायला निघाल्यावर आपल्याच गावात पाहा. ज्या घरी गॅसवर चहा होतो त्याच घराच्या मागे पाण्याचा हंडा तीन दगडांवर असतो. सिलिंडर स्नानाला जाळायला कोणाचे मन होत नाही. स्वयंपाकघरातून धूर गेला, परसात राहिला. सूर्यावर पाणी तापवणारी यंत्रे आहेत, वर्ध्याच्या उन्हाला तोटा नाही, पण ती एकदम विकत घेण्याची ऐपत हवी.

आमच्याही घरी हाच प्रश्न आला. जुना तांब्याचा बंब तळाशी झिजून गळू लागला. डाग देणाऱ्याने दोनदा डाग दिला, तिसऱ्यांदा हात जोडले. आम्ही स्टीलचा नवा बंब आणला. सासूबाईंचे म्हणणे, तो न्हाणीतच ठेवावा, जुना तिथेच होता. मुलगा ऐकेना. बंद जागेत निखारे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेत असल्यासारखा जातो. तेव्हा बंब परसात पत्र्याखाली बसवला. खाली विटांचा ओटा, आणि धुराड्याची नळी वळचणीच्या वर हातभर काढली. पहिल्यांदा ती कमी उंच होती, तर वारा धूर उलटा खाली दाबू लागला. आणखी तुकडा जोडल्यावर ओढ आली. आत पाणी भरल्याखेरीज विस्तव घालू नये, आणि वाफेची वाट कधी बुजवू नये, हे दोन नियम खडूने भिंतीवर लिहून ठेवले आहेत. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली वाफेवर सुरू झाली. जिनिंगच्या कारखान्यांतही बॉयलर असत. त्यांत वाफ कोंडलेली असते, म्हणून त्यांच्यावर १९२३ पासून कायद्याची देखरेख आहे. आपला बंब उघडा आहे तोवर भांडे, तोंड बुजवले की बाँब.

दीड-दोन किलो ढलप्यांत पाच जणांचे पाणी होते, विसण घालून सहावाही न्हातो. हे सारे बसवून झाल्यावर मी घरात एकच गोष्ट विचारली. नळी कोण खरवडणार? हे म्हणाले, पाहू. "पाहू" हा शब्द माझ्या ओळखीचा होता. तेव्हा मी पहिली अमावास्या येईपर्यंत थांबले आणि अमावास्येला बंब पेटवलाच नाही. गार पाण्याने स्नान झाल्यावर त्याच संध्याकाळी शिडी लागली. आता दर अमावास्येला बाप आणि लेक मिळून नळी उतरवतात. पहिल्या खेपेला तिच्यातून शेरभर काजळी निघाली.

आपल्या मंडळातल्या अकरा घरी आता धुराड्याचे बंब आहेत. लांब दांड्याचा तारेचा ब्रश प्रत्येकीने घेण्याची गरज नाही, म्हणून गेल्या महिन्याच्या सभेत मंडळाच्या पैशांतून एक घेतला. तो कपाटाच्या मागे उभा आहे. नेताना वहीत नाव लिहावे. वहीत आजवर आठ नावे आली आहेत, त्यांपैकी पाच पुरुषांची आहेत.